ध्यानमार्गाचा एक अर्वाचीन प्रवास

ध्यान ही आमच्या ऋषिमुनींची मिरास. ती परदेशीयांनी उचलून नेली, यंत्रात भरली आणि आता वर्गणी घेऊन आम्हांसच परत विकावयास काढली आहे, असे उद्गार हल्ली कीर्तन-पुराणानंतरच्या गोष्टींत वरचेवर निघतात. भ्रमणध्वनीवरील ध्यानाची अ‍ॅप आमच्या घराघरांत शिरली आहेत, हे खरेच आहे. रात्री डोळ्यास डोळा न लागणारा गृहस्थ, परीक्षेच्या धास्तीने पोखरलेला विद्यार्थी, नुकतेच वैधव्य आलेली बाई, अशी मंडळी कानांत आवाज लावून त्याच्या सांगण्यावरून श्वास मोजीत बसतात. तेव्हा हा प्रकार कोणत्या वाटेने आला याचा शोध घेणे अप्रस्तुत होणार नाही. आणि शोध घेतला म्हणजे वरील तक्रार निम्मीच खरी ठरते.

ध्यानयोग आमचा, यात शंका नाही. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सहाव्या अध्यायावर जे विस्तृत विवरण केले, त्यामुळे योगाची गूढ परिभाषा मराठीत उतरली. परंतु ग्रंथ मराठीत आला म्हणून साधना काही बाजारात आली नाही. ज्ञानेश्वरांच्या मस्तकावरही निवृत्तिनाथांचा हात होताच. मठांतून दीक्षा पात्रता पाहून दिली जाई; सामान्य प्रपंची माणसाच्या वाट्यास नामस्मरण, भजन आणि वारी आली, आणि त्याने ती आनंदाने पत्करली. मौन धरून, डोळे मिटून, तासन् तास श्वास पाहत बसणे हे थोड्यांचे काम समजले जाई. ते घरोघर नेण्याचा उद्योग प्रथम झाला तो आमच्या देशात नव्हे, तर ब्रह्मदेशात.

१८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजास पदच्युत करून आमच्या कोकणात, रत्नागिरीस आणून ठेवले. तेथेच १९१६ मध्ये तो निवर्तला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. पण त्या राजाच्या जाण्याने त्याच्या देशातील धर्मावर काय संकट कोसळले, याचा विचार तो राजवाडा पाहताना क्वचितच कोणी करतो. बौद्ध संघाचा आश्रयदाता राजाच होता. तो गेल्यावर धर्म कोणी सांभाळावा? लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्षूने याचे उत्तर दिले, की प्रत्येक गृहस्थाने. जे शास्त्र आणि जे ध्यान भिक्षूंपुरते होते, ते त्यांनी शेतकऱ्यांस व व्यापाऱ्यांस शिकविण्यास आरंभ केला. त्यांच्या शिष्यांपैकी सया तेजी हे गृहस्थाश्रमी शेतकरी होते. सया तेजींचे शिष्य ऊ बा खिन (१८९९–१९७१) हे तर सरकारी हिशेबखात्यातील अधिकारी असून, १९४८ मध्ये देश स्वतंत्र होताच ते ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. कचेरीतील माणसास दहा दिवसांत ध्यानाची ओळख करून देता येते, हा त्यांचा अनुभव पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज होय.

१९५५ मध्ये या महालेखापालांकडे एक हिंदू व्यापारी आला. सत्यनारायण गोयंका हे १९२४ साली मंडाले येथे जन्मलेले, मारवाडी कुटुंबातील, तेथील हिंदू समाजाचे पुढारी. त्यांना अर्धशिशीचा असह्य विकार होता व त्यासाठी मॉर्फिन टोचून घेण्याची पाळी येत असे. बौद्धाकडे साधना शिकावयास जाण्याचा त्यांना संकोच होता. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे, डोकेदुखी बरी करून घ्यावयास आलेल्या या गृहस्थास ऊ बा खिन यांनी आधी परत पाठविले. चित्तशुद्धीसाठी येणार असलात तर या. डोकेदुखीसाठी ही विद्या नव्हे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आजच्या अ‍ॅपच्या जाहिराती झोप, शांती आणि कार्यक्षमता यांचे आश्वासन देतात, त्यांच्याशेजारी ही हकीकत ठेवून पाहावी.

१९६९ मध्ये गोयंका भारतात आले. त्या जुलैत मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले आणि १९७६ मध्ये इगतपुरीस केंद्र उभे राहिले. दरम्यान बोधगयेस अमेरिकेतील तरुणतरुणींची रीघ लागली होती. जोसेफ गोल्डस्टाइन तेथे मुनींद्र यांच्यापाशी शिकले, शॅरन साल्झबर्ग यांनी गोयंकांचे शिबिर केले. परत गेल्यावर त्यांनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी मॅसॅच्युसेट्समधील बॅरी या गावी ध्यानकेंद्र काढले. तेथेच १९७९ मध्ये शिबिरास बसलेल्या जॉन कबाट-झिन या जीवशास्त्रज्ञास असे सुचले, की जी दुखणी डॉक्टरांच्या हातून बरी होत नाहीत, त्या रोग्यांस हेच शिकवावे, पण बुद्धाचे नाव न घेता. त्याच वर्षी वुस्टर येथील विद्यापीठीय रुग्णालयात त्याचा वर्ग सुरू झाला. धर्मापासून ध्यान वेगळे काढण्यात या वर्गाचा मोठा वाटा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र योगक्रियांस प्रयोगशाळेत नेण्याचा मान अमेरिकेस देऊन चालणार नाही. तो एका मराठी माणसाचा आहे आणि त्याचा आरंभ वडोदऱ्यास झाला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद, हे १८८३ मध्ये डभोईस जन्मले. वडोदऱ्यास प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले आणि नर्मदाकाठी मालसर येथे माधवदासजींपाशी योग शिकले. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी वडोदऱ्याच्या रुग्णालयात उड्डियान व नौली या क्रियांची परीक्षा केली. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढून आपले प्रयोग जगापुढे मांडले. श्रद्धावान योग्याने आपल्याच विद्येला क्ष-किरणांपुढे उभे करावे, यास मोठे धैर्य लागते. आज ‘हे आमचे’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्या परीक्षेस तयार आहेत, हा प्रश्न आम्ही येथेच सोडतो.

आता आवाजाविषयी. गुरूचा आवाज यंत्रात भरण्याची कल्पना अ‍ॅपवाल्यांची नव्हे. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी शिबिरे इतकी वाढली, की गोयंका एकटे सर्वत्र पुरे पडेनात. तेव्हा त्यांनी साहाय्यक आचार्य नेमले, आणि सूचना व प्रवचने ध्वनिफितींवरून ऐकविण्याची पद्धत पडली. २०१३ मध्ये ते निवर्तले तरी त्यांचा आवाज केंद्राकेंद्रांतून अजून चालू आहे. वुस्टरच्या वर्गातही रोग्यास घरी ध्वनिफीत देत आणि ती रोज पाऊण तास लावावयास सांगत. परंतु इगतपुरीस ध्वनिफितीपाशी जिवंत आचार्य बसलेला असे. साधकास त्याच्यापाशी जाऊन आपली अडचण सांगता येई. प्रवेश देतानाच मानसिक आजाराची विचारपूस होई. वुस्टरलाही आठवड्यातून एकदा सर्वांस एकत्र बसावे लागे, आणि कोण आला नाही ते ध्यानात येई.

आवाजाच्या बळाचे मर्म प्रथम ओळखणाऱ्यांत एक गोमंतकीय होता, याची येथे आठवण होते. १७५६ मध्ये कांदोळीस जन्मलेला आबे फारिया १८१३ पासून पॅरिसमध्ये प्रयोग दाखवू लागला. तो नुसत्या शब्दाने माणसास निद्रित करी. पण त्याचा सिद्धान्त असा, की प्रयोग करणाऱ्यापासून काहीही निघत नाही, जे घडते ते ऐकणाऱ्याच्या मनात घडते. पणजीस त्याचा पुतळा आहे, आणि गोव्यातील मनोरुग्णालयासही पुढे त्याचेच नाव दिले गेले.

फारियापुढे निदान ऐकणारा समोर तरी होता. अ‍ॅपने तेवढेच वगळले. २०१० मध्ये अँडी पुडिकोम या इंग्रजाने, जो पूर्वी तिबेटी परंपरेतील भिक्षू होता, लंडनमध्ये ‘हेडस्पेस’ काढले; २०१२ मध्ये ‘काम’ निघाले. त्याच २०१२ मध्ये अमेरिकेतील प्रौढांत ध्यान करणारे शेकडा ४ होते, ते २०१७ मध्ये शेकडा १४ झाले. मठ, गुरू, दहा दिवसांचे मौन, आठवड्याची बैठक, सारे गळाले. उरला आवाज आणि दहा मिनिटे.

याने लाभ होतो काय? २०१४ मध्ये अमेरिकेत ४७ प्रयोगांची छाननी झाली. चिंता व नैराश्य यांत ध्यानाने काहीसा उतार पडतो, परंतु औषधे किंवा व्यायाम यांहून ते सरस असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. आणि हे प्रयोग माणसाने माणसास शिकविलेल्या ध्यानाचे होते. मानसिक आरोग्याच्या ९३ अ‍ॅपची २०१९ मध्ये पाहणी झाली, तेव्हा असे आढळले, की शंभर जणांनी ते उतरवून घेतले तर तिसाव्या दिवशी सामान्यतः तिघेच ते उघडतात. उरलेल्यांचे काय झाले, ते बरे झाले की अधिक खचले, हे विचारणारे त्या यंत्रात कोणी नाही. २०१७ मध्ये ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी ध्यान करणाऱ्यांस येणाऱ्या त्रासदायक अनुभवांची नोंद केली. त्यांत भय, निद्रानाश आणि आपण आपले नाही असे वाटणे हेही होते. जुने गुरू पात्रता का पाहत, याचा उलगडा येथे होतो.

आमच्या समाजापुरते बोलावयाचे तर अ‍ॅपचा मोठा गुण त्याचा गुप्तपणा होय. घरात कोणास मनाचा आजार झाला, तर पुढे सोयरीक जुळेल की नाही या भीतीने तो झाकला जातो. देवास कौल लावतात, अंगारा लावतात, पण डॉक्टरकडे जाणे टाळतात. अशा घरातील मुलीस कोणास न कळता दहा मिनिटे श्वास पाहता आला, तर आम्ही त्यास नावे ठेवणार नाही. साधी धाकधूक असेल तर तेवढ्याने भागेलही. परंतु ज्याची झोप आठवडेच्या आठवडे गेली, अन्न तुटले, जीव नकोसा झाला, त्याचाही आजार त्याच गुप्तपणात वाढतो, आणि घरचे समाधान मानतात की तो ध्यान करीत आहे.

याच्या उलट टोकाचा एक प्रयोग आमच्या गोमंतकातच झाला आहे आणि त्याची वार्ता देवळांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. ‘संगत’ या संस्थेच्या पुढाकाराने गोव्यातील २४ दवाखान्यांत, १२ सरकारी व १२ खाजगी, चिंता व नैराश्य यांच्या रोग्यांस साहाय्य देण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मनोवैद्य नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रोग्यांस आजार समजावून दिला, श्वासाचा व्यायाम शिकविला, पुन्हा बोलावले आणि गरज पडल्यास वरच्या डॉक्टरकडे नेले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशा रोग्यांपैकी शेकडा सुमारे ६६ बरे झालेले आढळले; समुपदेशक नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण सुमारे ४२ होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही. आमचा तर्क असा, की तेथील डॉक्टर घरोब्याचा असल्यामुळे विचारपूस आधीपासूनच होत असावी.

श्वास तोच, जो अ‍ॅपमध्ये शिकवितात. देवस्थानांच्या समित्यांस यातून उचलण्याजोगे काही असेल, तर ते फार खर्चाचे नाही. पालखी व अभिषेक यांच्या वेळापत्रकाशेजारी केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावता येईल. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा विनामूल्य चालू आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. आणि भजनास नित्य येणारा माणूस दोन सोमवार दिसला नाही, तर त्याच्या घरी कोणी जावयाचे, तेही समितीस आपल्या बैठकीत ठरविता येईल.