शाळेमागची भाकरी

गरीब मुलांच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण शाळा मोजतो. पहिली शाळा कुणी काढली, कोणत्या पेठेत, कोणत्या वाड्यात. पण शाळा घरापासून दहा कोसांवर असेल, तर मुलगा रात्री जेवणार कुठे आणि निजणार कुठे, हा प्रश्न पहिल्या धड्याच्या आधी येतो. फी माफ करायला हेडमास्तरांची एक सही पुरते. दोन वेळची भाकरी माफ करता येत नाही, ती कुणालातरी थापावी लागते. बोर्डिंग, अनाथाश्रम, आश्रमशाळा, बालगृह ही सगळी याच प्रश्नाला मिळालेली उत्तरे. त्यांची वंशावळ काढायची तर वर्गापेक्षा स्वयंपाकघरातून काढलेली बरी.

सर्वात जुने उत्तर माधुकरीचे. पुण्यात किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी शिकायला आलेला ब्राह्मणाचा गरीब मुलगा सकाळी सोवळे नेसून, झोळी घेऊन बाहेर पडे. ठरलेल्या घरांच्या दारात ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणे, आणि एका घरचा भात, दुसऱ्या घरची आमटी, तिसऱ्या घरची पोळी असे जमवून बिऱ्हाडी परते. दुसरी सोय वारांची. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात वार लागले की आठवडा भरला. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाणी पिऊन अभ्यास. या सोयीचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि ते खोटे नाही. त्या अन्नावर वकील झाले, प्राध्यापक झाले. मात्र ही झोळी कुणब्याच्या किंवा महाराच्या पोराच्या खांद्यावर चालणारी नव्हती. शाळेचे दार कायद्याने उघडले तरी माजघराचे उघडत नव्हते. पुढच्या शंभर वर्षांतले बरेचसे भांडण या माजघराच्या दारातलेच आहे.

मुलांना एका छपराखाली ठेवायचे, जेवू घालायचे आणि शिकवायचे, ही पद्धत आपल्याकडे रुजवली ती मिशनऱ्यांनी. तिचा एक नमुना नाशिकला होता, आणि तो आज फारसा कुणाच्या लक्षात नाही. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की १८५० च्या दशकात विल्यम प्राइस या मिशनऱ्याने इथे ख्रिस्ती वसाहत उभी केली आणि तिच्यात आफ्रिकेची मुले वाढली? अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबते इंग्रजांचे आरमार पकडत असे. सुटका झालेली पोरे मुंबई बंदरात उतरत, आणि त्यांचे करायचे काय म्हणून सरकार त्यांतल्या काहींना मिशनच्या हवाली करी. शरणपुरात त्यांना अक्षरओळख, बायबल, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. ज्यांना आईबाप, गाव, भाषा यांतले काहीच उरले नव्हते अशी ही मुले गोदेच्या काठी इंग्रजी लिहायला शिकली.

त्यांतला एक जेकब वेनराइट. याओ जमातीचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठी आफ्रिकेत माणसे पाठवायची ठरली तेव्हा नाशिकच्या या शाळेत वाढलेले तरुण निवडले गेले. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारला. त्याचे हृदय झाडाखाली पुरताना अंत्यविधीचा पाठ जेकबने वाचला आणि त्या झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. सोबत्यांनी मग ते शव शेकडो मैल चालत किनाऱ्यावर आणले. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. पुढे नाशिकची बरीच मंडळी मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन वसाहतीत नेली गेली आणि शरणपुरातला तो अध्याय मिटला.

या अन्नाची किंमत धर्माच्या रूपात द्यावी लागे, हे उघड होते आणि मिशनऱ्यांनी ते लपवलेही नाही. भुकेल्या मुलाला जेवू घालून त्याचा देव बदलणे मला अयोग्य वाटते. पण त्या वेळी ज्यांनी यावर रान उठवले त्यांतल्या किती जणांनी त्या मुलाला आपल्या पंगतीत घेतले असते, हाही हिशेब मांडायला हवा. मिशनच्या धास्तीतून का होईना, एतद्देशीय संस्था उभ्या राहिल्या. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होतेच. तिथेच जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले आणि तो शिकून डॉक्टर झाला. १८७५ मध्ये पंढरपूरला न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम निघाला. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला बालाश्रम उघडून उपाशी पोरांना भाकरी घातली.

अनाथ मुलांच्या संस्थांना दुष्काळाने जेवढे घडवले तेवढे कुठल्याही सुधारकाने नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले ते प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या मुली घेऊन आल्या. सदन तोवर पुण्यात आले होते, आणि तिथे प्लेगचा काळ, एवढ्या मुली शहरात ठेवणार कुठे? मग दौंडजवळच्या केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, खोल्या बांधल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार बायका-मुली होत्या. विणकाम, तेलघाणा, दूधदुभते, शेती सगळे त्याच पाहत. छापखान्यात मुली खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ भाषांतून मराठीत आणलेले अख्खे बायबल याच मुलींच्या हातून छापले गेले. कालपरवापर्यंत जिला ‘क’ ठाऊक नव्हता ती आता उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे चिमटीत धरून ओळ लावत होती. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल ज्याला जे वाटायचे ते वाटो, व्यवसायशिक्षण म्हणतात ते हे. शारदा सदनातून शिकून आलेल्या आनंदीबाई लग्न होऊन अण्णासाहेब कर्व्यांच्या घरात आल्या आणि अण्णासाहेबांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ मध्ये सुरू झाला. पुढे हिंगण्याचा सगळा पसारा त्यातून वाढला.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हाच प्रश्न राज्याच्या पातळीवर घेतला. १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. नियमात सर्वांना प्रवेश होता, पण व्यवस्था ब्राह्मणांच्या हाती राहिली आणि खोल्याही त्यांच्याच मुलांनी भरल्या. मग १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पाठोपाठ लिंगायत, सारस्वत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, कायस्थ प्रभू. मुस्लिम समाजातून पुढे यायला कुणी धजेना, तेव्हा महाराज स्वतःच त्या संस्थेचे अध्यक्ष झाले.

जातवार बोर्डिंग काढून महाराजांनी जाती पक्क्या केल्या, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही ऐकू येतो. तो घेणाऱ्यांनी १९०१ सालचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणावे. पाणी कुणी भरायचे, भांडे कुणी घासायचे, आचारी कोण, पंगतीला शेजारी कोण? एकत्र वसतिगृहाचा अनुभव महाराज पाच वर्षे घेऊन बसले होते. शिवाय बोर्डिंग आपल्या जातीचे म्हटल्यावर त्या जातीतले व्यापारी, जमीनदार खिशात हात घालत. महाराज जागा देत, वार्षिक नेमणूक देत, रोजचा खर्च समाज उचले. तडजोड होती ती, पण तिने खेड्यातली पोरे कोल्हापुरात आणून बसवली. नाशिकचे उदोजी मराठा बोर्डिंग १९१४ चे. तेही याच वाऱ्यावर उभे राहिले.

आणि ही तडजोड मोडणारा माणूस याच बोर्डिंगांतून निघाला. भाऊराव पाटील नावाचा कुंभोजचा आडदांड मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला तो गेला. परतल्यावर विटाळ झाला म्हणून आंघोळ करून ये, असे सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंगमधून नाव कमी झाले. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरताना या माणसाने कुणब्यांची घरे आतून पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले.

या बोर्डिंगात आचारी ठेवला नव्हता. मुले पाळीपाळीने स्वयंपाक करत. मराठ्याच्या मुलाने मळलेले पीठ, महाराच्या मुलाने थापलेली भाकरी, मुसलमानाच्या मुलाने आणलेले पाणी, आणि खायला एकच पंगत. जातिभेद मोडा असे भाऊराव भाषणात सांगत असतीलच, पण मोडला तो परातीत. साताऱ्याच्या धननीच्या बागेत मुले राबत, खडी फोडत, शेत पिकवत, आणि त्यातून धान्य येई. गावोगाव घरातल्या बायका दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढत, ते मुष्टिफंड म्हणून गोळा होई. तेवढ्याने भागत नसेच. कोठी रिकामी झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आधी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्र विकायला काढले. कर्मठ जैन घरातली ही बाई सगळ्या जातींच्या पोरांची आई झाली आणि १९३० मध्ये गेली. संस्थेच्या इतिहासात वसतिगृहाला नाव देणारे मोठे पाहुणे ठळक टायपात येतात. त्या मंगळसूत्राचा भाव काय आला असेल आणि ते किती दिवस पुरले असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो.

याच काळात मुंबई-पुण्यात विठ्ठल रामजी शिंद्यांच्या १९०६ च्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनने अस्पृश्य मुलांसाठी शाळेला जोडून वसतिगृहे चालवली. त्यांच्या भगिनी जनाक्का तिथे मुलांमध्ये राहून काम करत. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत हाती घेतलेले पहिले ठोस काम म्हणजे सोलापूरचे वसतिगृह. परिषदा, सत्याग्रह, महाड हे सारे नंतरचे. बाबासाहेबांना विलायतेत शिकूनही ठाऊक होते की हायस्कूलपर्यंत पोचलेला मुलगा भाड्याने खोली मिळत नाही म्हणून गावी परत जातो.

सरकार या कहाणीत उशिरा येते, आणि येते तेही आधी पोलिसाच्या वेषात. १९२४ च्या मुंबई बाल अधिनियमाने उनाड आणि गुन्हेगार मुलांसोबत निराधार मुलांचीही सोय लावली. रिमांड होम हा शब्द तिथून घराघरांत पोचला, तो मुलांना धाक दाखवण्यापुरता. ज्याचा बाप मेला आणि ज्याने पाकीट मारले ते दोघे एकाच दारातून आत जात. २००० च्या आणि नंतर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने ही सरमिसळ कागदावर तरी वेगळी केली. बालगृह निराळे, निरीक्षणगृह निराळे. २०१८ मध्ये राज्य सरकारने अनाथांना एक टक्का आरक्षण दिले. दारिद्र्य एकच, पण खिडक्या तीन झाल्या: अनाथ असेल तर महिला व बालविकास, दलित असेल तर समाजकल्याण, आदिवासी असेल तर आदिवासी विकास. दोन भावंडे दोन वसतिगृहांत पडल्याची उदाहरणे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

आदिवासी मुलांसाठी ठक्करबाप्पांनी दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढले, बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ. पुढे सरकारी आश्रमशाळांचे जाळे विणले गेले. आज सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून थोड्या अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. त्यांनी एक पिढी शिकवली, नर्सा, तलाठी, शिक्षक दिले. पण साप, ताप, वेळेवर न मिळालेला दवाखाना, यांनी पंधरा वर्षांत हजाराहून अधिक मुले गेली, इतकी की राज्यपालांना डॉ. सुभाष साळुंके यांची समिती नेमावी लागली. मुलींच्या पालकांना आश्रमशाळेत अधीक्षिका आहे का, रात्री मुक्कामी राहते का, हे आजही विचारावे लागते.

आणि पुन्हा स्वयंपाकघर. निकृष्ट जेवणाच्या तक्रारींवर उपाय म्हणून इगतपुरीजवळ मुंढेगावला आणि पालघरमध्ये कांबळगावला मध्यवर्ती स्वयंपाकघरे उभारली गेली. पहाटे हजारो मुलांचे अन्न शिजू लागले आणि डब्यांत भरून गाडीने शाळांवर जाऊ लागले. जेवण स्वच्छ झाले, मोजून झाले. वसतिगृहांत मात्र स्वयंपाकघरच गेले. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचे ठरले, तेव्हा मुले पुण्याहून नाशिकला पायी निघाली. पैसे वेळेवर येत नाहीत, खोलीत शिजवू देत नाहीत, आणि आलेले पैसे घरी अडचण असली की गावी जातात, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारला यात विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य दिसले, विद्यार्थ्यांना त्यात वार लावत हिंडणे दिसले. मला मुलांचे पटते.

बीड, अहिल्यानगर, धाराशिवच्या ऊसतोड पट्ट्यात मात्र या वंशावळीतली सर्वात साधी शाखा चालू आहे. दिवाळीच्या आसपास आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. मूल बरोबर गेले की त्याची शाळा गेली. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत हंगामी वसतिगृह निघते. पुष्कळ ठिकाणी त्याला इमारत नसते. मूल आजीजवळ निजते, दोन वेळ शाळेत जेवते आणि त्याच शाळेत बसते. यादी हंगाम सुरू होण्याआधी करावी लागते, कारण टोळीचा ट्रक एकदा निघाला की मूल त्यात असते. मंजुरी आणि अनुदान उशिरा येते ही तक्रार जवळजवळ दरवर्षीची. तोवर स्वयंपाक करणाऱ्या बाया गावच्या किराणा दुकानात वहीवर उधारी मांडतात, आणि ती भागवायचे कुणी यावर मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांचे फोन चालू राहतात.