शेंगदाण्याच्या तेलावरचं इंजिन

१९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात फ्रान्सच्या ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. इंजिन खनिज तेलासाठी बांधलेलं होतं, त्यात काहीही बदललं नव्हतं. ते इतकं सुरळीत चाललं की फार थोड्यांच्या हे ध्यानात आलं, असं पुढे खुद्द रुडॉल्फ डिझेलने सांगितलं. कल्पना फ्रेंच सरकारची. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग उदंड. तिथली इंजिनं तिथल्याच तेलावर चालावीत, हा हिशेब.

धुळ्या-जळगावातही भुईमूग आहे, सरकी आहे, तेलगिरण्या आहेत. मग अडलं कुठे? आधी दाटपणापाशी. हे तेल डिझेलच्या जवळपास दसपट दाट. नोझलमधून फवारा नीट उडत नाही, तेल अर्धवट जळतं आणि नोझलच्या तोंडाशी काजळी धरते. यावरचा उतारा १९३७ साली ब्रसेल्सच्या शावान यांनी पेटंट करून ठेवला: तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया. आज त्यासाठी मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरतात. ग्लिसरीन तळाशी बसतं, वर राहतं ते पातळ बायोडिझेल.

भावाचा प्रश्न मात्र रसायनाने सुटत नाही. शेवभाजीवर बोटभर तर्री लागणाऱ्या खान्देशात गोडंतेल टाकीत कोण ओतणार? म्हणून नजर ‘अखाद्य’ तेलांकडे गेली: करंज, मोह, मोगली एरंड. (मोहाच्या बियांचं तेल सातपुड्यातल्या आदिवासी घरांत खातात, पण सरकारी यादीला त्याचं काय!) मोगली एरंड बांधावर कुंपणाला लावतात, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. शेजारच्या नाशकात विनायकदादा पाटलांनी १९८६ पासून शेतकऱ्यांना त्याची लागवड करायला लावली. बियांचा उतारा अपेक्षेच्या खूपच खाली राहिला. तरी २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने देशभरासाठी याच झाडावर भिस्त ठेवली. नाशिकचा अनुभव आधी विचारला असता तर बरं झालं असतं. मुरमाड जमिनीत झाड जगतं, पण बी धरायला त्यालाही पाणी लागतंच.

आता वाट पुन्हा कढईतूनच काढली आहे. तळणीच्या तेलात पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यात वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. असं तेल गोळा करून बायोडिझेलला देण्याची ‘रुको’ योजनाही त्याच वर्षीची. शेव-फरसाणच्या भट्ट्यांवर असं तेल रोज उरतं. मात्र तेच काळं तेल स्वस्तात उचलून पुन्हा भजी तळणारेही असतात, आणि बायोडिझेलवाल्याला त्यांच्यापेक्षा चार पैसे जास्त मोजावे लागतात.