दादरचे पोर्तुगीज चर्च

पारनेरची माणसे पोटासाठी मुंबईला जात आली. दादरला 'पोर्तुगीज चर्च' हे नाव त्यांच्या कानी पडतेच. मोर्चाच्या पत्रकांचे गठ्ठे घेऊन आम्हीही तेथून कितीदा गेलो. पण हे कोणी उभे केले, असे कधी विचारले नाही.

1596 मध्ये फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी ते बांधले. पुढे 1661 च्या विवाहकराराने मुंबई इंग्रजांकडे गेली. पोर्तुगीज गेले, उपासक राहिले. कारण ते इथलेच होते.

1896 साली प्लेग आला. दाटीने माणसे मरू लागली, तेव्हा 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची उपनगरे आखली. गावचे चर्च शहराचे झाले. 1970 नंतरच्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी त्याच जागी नवी वास्तू रचली.

समोरच्या रस्त्याला सीताराम केशव बोले यांचे नाव आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा 1923 चा ठराव मुंबई कायदेमंडळात त्यांनीच मांडला.

चर्च असो वा युनियन, पाटीवर नाव राज्यकर्त्याचे किंवा पुढाऱ्याचे राहते. टिकवतात ती मागची बिननावाची माणसे. त्यांची आठवण ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे.