शिकागोची थंडी आणि पाण्यातली रेषा

महायुद्धामुळे युरोपातून येणारा मजुरांचा ओघ आटला आणि 1916 पासून अमेरिकेच्या दक्षिणेतले लाखो काळे शेतमजूर उत्तरेकडे निघाले. शिकागोच्या कत्तलखान्यांना हात हवे होते. मिसिसिपीच्या उन्हात वाढलेल्यांना तिथला हिवाळा नवा होता. उबदार कपडे, काम, खोली, सारेच नव्याने मिळवायचे होते. 1916 मध्येच स्थापन झालेल्या शिकागो अर्बन लीगने हे काम अंगावर घेतले. ‘शिकागो डिफेंडर’ या काळ्यांच्या वृत्तपत्राने सूचनाही छापल्या: रस्त्यात मोठ्याने बोलू नका, नीटनेटके राहा.

मदत खरी होती. पण सुधारायचे ते आलेल्यानेच, हे त्या सूचनांत गृहीत होते.

27 जुलै 1919 रोजी युजीन विल्यम्स हा 17 वर्षांचा काळा मुलगा मिशिगन सरोवरात पोहताना गोऱ्यांच्या बाजूला गेला. दगडफेक झाली, तो बुडाला. पुढच्या दंगलीत 38 माणसे मेली. त्यांतली 23 काळी. दगड मारणाऱ्याने त्याचा नीटनेटकेपणा पाहिला नव्हता, रंग पाहिला होता.

1927 साली आमच्या स्पर्शानंतर चवदार तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. पाण्यातली ही रेषा आम्हांला कुणी समजावून सांगायला नको. आलेल्या माणसाला शहरात रुळवणे हे अर्धेच काम. ते शहर बदलणे हे उरलेले अर्धे, आणि ते सूचनांच्या यादीत नव्हते.