२७ एप्रिल १७४९ : हँडेलचे आतषबाजीचे संगीत

ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाचा शेवट करणाऱ्या एक्स-ला-शापेलच्या तहाप्रीत्यर्थ लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये या दिवशी जॉर्ज फ्रिडरिक हँडेलची ‘म्युझिक फॉर द रॉयल फायरवर्क्स’ ही रचना सादर झाली. राजा दुसरा जॉर्ज याला तंतुवाद्ये नको असल्याने हँडेलने, काहीशा नाखुशीनेच, सनईसारख्या दुहेरी पातीचे २४ ओबो, त्याच जातीचे पण खर्जातले १२ बसून, ९ ट्रम्पेट, ९ हॉर्न आणि नगारे असा ताफा योजला. उघड्या मैदानाचा विचार करता राजाचा आग्रह अगदीच अनाठायी नव्हता. आधी व्हॉक्सहॉल बागेत झालेल्या तालमीलाच एवढी गर्दी लोटली की लंडन ब्रिजवर गाड्या खोळंबल्या. प्रत्यक्ष समारंभात मात्र दारूकाम फसले आणि नेपथ्यकार सेर्वांदोनीने उभारलेल्या मंडपाचा एक भाग पेटला. पुढे हँडेलने या रचनेत तंतुवाद्येही घातली.