'पण'च्या आधीचा अर्धविराम

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती.

मी आसेगावचा, आपल्या वाशीम जिल्ह्यातला. शिक्षण मराठी माध्यमातून. पुढे शिकायला बाहेर पडलो आणि माझ्या पहिल्याच इंग्रजी निबंधात प्रत्येक 'बट'च्या आधीचा अर्धविराम लाल शाईने गोल केलेला परत आला. मी म्हटलं, काहून बरं? शाळेत तर हेच शिकलो होतो: दोन छोटी वाक्यं 'पण'ने जोडली, की मध्ये अर्धविराम. नियम पाठ होता, तरी मार्क गेले. तेव्हा वाटलं, आपलं इंग्रजीच कच्चं. खूप वर्षांनी कळलं की गोष्ट इतकी सरळ नाही.

आधी जरा मागे जाऊ. जुनी मोडी कागदपत्रं पाहिलीत कधी? आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, काही नाही. पोथ्यांमध्ये ओवी संपली की उभा दंड यायचा, तेवढंच. तरी लोकांना कळायचं, कारण मराठीत क्रियापद बहुतेक शेवटी येतं. 'केले', 'दिले', 'आहे' दिसलं की समजायचं, वाक्य संपलं. 'पण', 'म्हणून', 'की' हे शब्द उरलेलं काम करायचे.

मग आले मेजर थॉमस कँडी. जन्म १८०४, इंग्लंडचा. कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी, पण आयुष्य गेलं मराठीत. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाला त्यांनी हातभार लावला, १८४७ मध्ये इंग्रजी-मराठी कोश आणला. आणि १८५० मध्ये त्यांची छोटी पुस्तिका आली: 'विरामचिन्हांची परिभाषा'. इंग्रजी चिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय त्यांनाच देतात. गंमत बघा, तेव्हा आपलं वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं. इंग्रजांच्या कारभाराखाली ते आलं १८५३ मध्ये.

आता खरी मेख. कँडींच्या पिढीचं इंग्रजी व्याकरण म्हणजे लिंडली मरेच्या १७९५ च्या पुस्तकाचा जमाना. मरेचा हिशोब असा: स्वल्पविरामाला जेवढं थांबायचं, त्याच्या दुप्पट अर्धविरामाला, अर्धविरामाच्या दुप्पट कोलनला, कोलनच्या दुप्पट पूर्णविरामाला. म्हणजे चिन्ह हे श्वासाचं माप. आपली नावं बघा ना! स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, पूर्णविराम. सगळा थांबण्याचाच हिशोब. त्या काळचे इंग्रज लेखकही 'बट'च्या आधी सर्रास अर्धविराम देत.

पुढे इंग्रजी बदललं. चिन्हं श्वासापेक्षा वाक्याच्या रचनेवरून ठरू लागली. आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र तो जुना नियम टिकला, आणि मराठीसाठी तो आजही बरोबरच आहे. म्हणजे मी निबंधात चूक केली नव्हती, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी लिहिलं होतं!

मग आज इंग्रजीत काय करायचं? तीनच गोष्टी लक्षात ठेवा.

एक. 'बट', 'अँड', 'सो' असे छोटे जोडशब्द असतील, तर साधारणपणे स्वल्पविराम पुरतो: 'इट रेन्ड, बट वी प्लेड.' जोडशब्द नसेल आणि दोन्ही बाजूंची वाक्यं स्वतःच्या पायावर उभी असतील, तर अर्धविराम: 'आय वॉज टायर्ड; आय वेंट होम.' 'हाउएव्हर' हा मात्र 'बट'चा भाऊ नव्हे. त्याने दोन वाक्यं जोडायची, तर आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम.

दोन. कोलनच्या आधी पूर्ण वाक्य हवं. 'वी ग्रो थ्री क्रॉप्स: तूर, सोयाबीन, हरभरा' हे बरोबर. 'वी ग्रो'च्या लगेच पुढे कोलन टाकला, तर चूक.

तीन. मराठीत आपण कोलनच्या आधी जागा सोडतो, 'दिनांक : ' असं. नाहीतर तो विसर्गासारखा दिसतो. इंग्रजीत विसर्गच नाही, म्हणून कोलन शब्दाला चिकटूनच येतो. उलट मोबाइलवर 'दुःख' लिहिताना कोलन टाकू नका, कीबोर्डवरचा विसर्ग शोधा. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण फोनसाठी ती दोन वेगळी चिन्हं आहेत. शोधताना शब्द सापडत नाही.

मराठी माध्यमातल्या माझ्या भावंडांनो, लाल गोल दिसला की लगेच स्वतःला 'ढ' म्हणू नका. आधी विचारा, हा नियम आला कुठून? तुमच्या वहीत असा कोणता नियम अडकलाय, ते मला व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात!