घरपट्टी कमी झाली. जादा भरलेल्या रकमेचे काय?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत घराची करआकारणी चुकते ती बहुधा साध्या कारणांनी. कौलारू घराची उघडी पडवी बांधीव खोली म्हणून मोजली जाते. गुरांचा गोठा निवासी बांधकामात धरला जातो. भावाभावांत वाटणी झाल्यावर एकच ओटी दोघांच्याही नावे चढते. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. अशा कामात घराचा काही भाग पाडला गेला आणि नोंद बदलली नाही, तर मागणी मात्र जुन्याच क्षेत्रफळावर येत राहते. घरमालक तरीही दरवर्षी पैसे भरतो, कारण थकबाकी राहिली की ग्रामपंचायतीचा दाखला अडतो. पुढे कधीतरी फेरमोजणी होते, आकारणी कमी होते, आणि मागील वर्षांची जादा रक्कम आता आपोआप परत मिळेल असा त्याचा समज होतो. तसे घडत नाही. आकारणी कमी करणे आणि रक्कम परत करणे हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत व दुसऱ्यासाठी वेगळी मागणी करावी लागते.

प्रथम कोणता कायदा लागू होतो ते पाहावे. शहापूर व मुरबाड या दोन गावांसाठी २०१५ मध्ये नगरपंचायती स्थापन झाल्या. तेथे १९६५ चा नगरपरिषद व नगरपंचायतींचा अधिनियम लागू आहे. वासिंद, खर्डी, किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे, धसई अशा गावांत १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९६० चे कर व फी नियम चालतात. ग्रामपंचायतींची घरपट्टी पूर्वी क्षेत्रफळाच्या दराने ठरत असे. त्या पद्धतीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेल्यानंतर शासनाने ३१ डिसेंबर २०१५ रोजी नियम सुधारले आणि भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आणली. जमिनीचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा दर, घराच्या वयानुसार घसारा आणि वापराचा भारांक यांतून हे मूल्य निघते व त्यावर दर हजारी काही पैसे या हिशेबाने कर बसतो. भारांक निवासी वापरास १.००, औद्योगिक वापरास १.२०, तर वाणिज्यिक वापरास १.२५ असतो. ओटीवर कधीकाळी मांडलेले किराणा दुकान बंद होऊन दहा वर्षे लोटली, तरी सबंध घर वाणिज्यिकच राहिले, असे होऊ शकते. घराचे वय न नोंदल्याने घसारा न मिळणे ही आणखी एक नित्याची चूक. आजोबांच्या काळातील मातीच्या भिंतींचे घर कागदावर कालच बांधल्यासारखे दिसते.

म्हणून पहिले काम म्हणजे नमुना ८ चा, अर्थात कर आकारणी नोंदवहीचा उतारा मिळवणे. ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित आहे, त्यामुळे उताऱ्यासाठी हेलपाटे घालण्याचे कारण नाही. जुना आणि दुरुस्त असे दोन्ही उतारे घ्यावेत. नमुना ९ मधील मागणीची नोंद आणि नमुना १० च्या पावत्या त्यांच्याशी ताडून पाहाव्यात. पावती हरवली असल्यास भरणा केल्याची नोंद माहितीच्या अधिकारात मागता येते.

आता खरा मुद्दा. आकारणी कमी करणाऱ्या ठरावात किंवा आदेशात ती कोणत्या वर्षापासून कमी झाली हे लिहिलेले आहे का? बहुतेक वेळा तेथे केवळ नवी रक्कम असते. तारीख नसली की कार्यालय कपात पुढील वर्षापासूनच लागू धरते आणि परताव्याचा आधारच नाहीसा होतो. तेव्हा दुरुस्तीच्या अर्जातच चूक केव्हापासूनची आहे ते पुराव्यासह मांडावे आणि त्या वर्षापासून दुरुस्ती व्हावी अशी विनंती करावी. फेरआकारणी दर चार वर्षांनी होते; चूक त्या वेळच्या यादीत शिरली असेल, तर त्या यादीचे वर्ष हाच स्वाभाविक आरंभबिंदू ठरतो. मात्र घराचा भाग नंतर पाडला गेला असेल, तर पाडल्याच्या आधीच्या काळासाठी मागणी करू नये. अवास्तव दावा केल्याने रास्त दावाही संशयास्पद होतो.

रकमेचा हिशेबही अचूक असावा. समजा, वार्षिक घरपट्टी १,८०० रुपयांवरून १,२०० रुपयांवर आली. फरक ६०० रुपयांचा, चार वर्षांचे २,४०० रुपये. पण सप्टेंबरअखेर भरणा करून पाच टक्के सवलत घेतली असेल, तर दरवर्षी प्रत्यक्षात १,७१० रुपये भरले गेले आणि देय होते १,१४० रुपये. म्हणजे परतावा ५७० रुपयांप्रमाणे २,२८० रुपयेच होतो. उलट उशिरा भरल्याने पाच टक्के दंड पडला असेल, तर जादा रकमेवरील दंडही मागावा. क्षेत्रफळ कमी झाले असल्यास त्याच पावतीवरील दिवाबत्ती व आरोग्य करही तपासून घ्यावेत.

अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या नावे द्यावा आणि पोच घ्यावी. रोख परतावा ग्रामनिधीतून द्यावा लागतो. त्यासाठी मासिक सभेचा ठराव आणि अंदाजपत्रकात तरतूद हवी. लहान ग्रामपंचायतीत ही वाट लांबते. त्यापेक्षा पुढील वर्षांच्या मागणीत समायोजन करून घेणे, हे प्रस्तुत लेखकाच्या मते बहुतेकांना सोयीचे पडेल. फक्त ते नमुना ९ मध्ये प्रत्यक्ष नोंदले गेले आहे याची खात्री करावी. तोंडी आश्वासन पुढच्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते.

ग्रामपंचायतीने आकारणी कमी करण्यास नकार दिला, तर कलम १२४ प्रमाणे पंचायत समितीकडे आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते. मुदत अल्प असल्याने मागणीचे देयक हाती पडताच हालचाल करावी. नगरपंचायतीत नियम अधिक कडक आहेत: आकारणी यादीवर वेळेत हरकत घेतलेली असावी लागते आणि अपिलापूर्वी मागणीची रक्कम जमा करावी लागते. अशी रक्कम भरताना ‘हरकत कायम ठेवून भरणा’ असे पत्र सोबत जोडावे.

चुकीने भरलेला कर परत मागता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७२ च्या आधारे मान्य केले होते. मात्र १९९६ च्या मफतलाल इंडस्ट्रीज प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्याला मर्यादा घातल्या. कायद्याने दिलेला मार्ग वगळून सहसा परतावा मागता येत नाही, आणि कराचा बोजा दुसऱ्यावर टाकला असल्यास तो मिळत नाही. खटला अबकारी शुल्काचा असला, तरी त्यातील युक्तिवाद घरपट्टीच्या वादातही पुढे येऊ शकतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीजवळ खोल्या भाड्याने देऊन भाडेकरूंकडून घरपट्टी वेगळी वसूल करणाऱ्या मालकाने हे ध्यानात ठेवावे. दिवाणी दाव्याची वेळ आली, तर चूक उघड झाल्यापासून तीन वर्षांची सर्वसाधारण मुदत गृहीत धरून बसू नये. ग्रामपंचायतीविरुद्धच्या दाव्यास आगाऊ नोटिशीचे व मुदतीचे स्वतंत्र बंधन आहे, आणि वकिलाचा सल्ला त्याआधीच घ्यावा.

घर मधल्या काळात विकले गेले असेल, तर जुन्या पावत्या ज्याच्या नावे आहेत त्याने अर्ज करावा. खरेदीखत करतानाच परताव्याचा हक्क कोणाकडे राहील याची एक ओळ घातली, तर विकणारा आणि घेणारा यांच्यात तंटा उद्भवत नाही. वारसांनी मात्र आधी नमुना ८ वर आपली नावे लावून घ्यावीत.